दोन्हीकडची भरती

आमच्या सेक्टरामागच्या तलावाला 'मरीना' म्हणायचं हे कोणी ठरवलं, मला माहीत नाही. ज्याने ठरवलं त्याला एकदा माझ्या वडिलांसमोर उभं करायला हवं होतं. दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही फरीदाबादेत राहायला आलो, तेव्हा इथे तलाव नव्हताच. मोठा खळगा होता. त्यात मुलं क्रिकेट खेळायची आणि कडेला बकऱ्या चरायच्या. मग कधीतरी खोदकाम झालं, पाणी आलं, कडेने फरशी बसली, बाकं आली, दिव्यांचे खांब आले आणि एक दिवस कमान उभी राहिली. कमानीच्या आत एक धक्का, त्याला बांधलेल्या पायडलच्या होड्या, सगळ्या बदकाच्या आकाराच्या, आणि एक मोटरबोट. ती मोटरबोट जागची हललेली मी आजवर पाहिलेली नाही.

वडिलांना पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा ते कमानीखाली थांबले. वरची अक्षरं वाचली, मग पाण्याकडे बघितलं, मग बदकांकडे.

"हे बंदर?"

"बाग आहे हो बाबा. फिरायला."

"मग बाग म्हणावं," असं म्हणून ते आत गेले.

बाबा कोकणातल्या खाडीकाठच्या गावचे. त्यांची सगळी नोकरी पोस्टात आणि तीही जवळजवळ सगळी गावातच झाली. पूर्वी गावाला रस्ता धड नव्हता, टपाल लाँचने यायचं, आणि लाँच धक्क्याला लागायची ती भरतीलाच. त्यामुळे आमच्या घरात घड्याळाआधी कॅलेंडर बघायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा तिथला साधा हिशोब. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा असो की अमावास्या, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हे गावात शेंबड्या पोरालाही येतं. मलाही येत होतं. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर विसरले होते, कारण मेट्रोला भरती-ओहोटी नसते. माझ्या लेकीची तर कमाल. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. आजोबा आले तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "आई, ओहोटी म्हणजे एक्झॅक्टली काय गं?"

आई गेली त्या थंडीत बाबा गावीच राहिले. शेजारी चुलतभाऊ आहे, जेवणाचा डबा त्याच्याकडून यायचा. मी रोज फोन करायचे आणि ते रोज "मजेत आहे" म्हणायचे. मग चैत्रात चुलतभावाचा फोन आला, की काका धक्क्यावर चक्कर येऊन पडले, लाँचवाल्यांनी उचलून घरी आणलं. मी रजा टाकून धावले. कपाळाला टाके पडलेले, हात गळ्यात. मी आधी रडले आणि मग रागावले. माझा नेहमी हाच क्रम असतो.

"भर उन्हात धक्क्यावर काय ठेवलंय तुमचं? आता टपालही येत नाही लाँचने!"

उत्तराला मी थांबलेच नाही. मी त्यांची बॅग भरली आणि त्यांना फरीदाबादला घेऊन आले.

हात बरा झाल्या झाल्या त्यांनी "मी आता निघतो" म्हणायला सुरुवात केली. मी ऐकत होते आणि सोडून देत होते. एक दिवस जेवताना ते जरा जोरातच म्हणाले. मृग लागला होता, इथे नुसती लाही लाही होत होती, पण तिकडे पाऊस धो धो सुरू झाल्याचं चुलतभावाने सांगितलं होतं. मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "बाबा, नारळी पौर्णिमेआधी आपल्याकडे कोणी होडी काढतं का? पावसाळा आहे. समुद्र शांत होऊ दे, नारळ पडू दे, मग बघू."

कोकणातल्या माणसाला याच्यापुढे बोलता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, थोडं हसले आणि म्हणाले, "बरं. पौर्णिमेपर्यंत." मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पौर्णिमा दोन-अडीच महिन्यांवर होती, आणि तोवर माणूस रुळतो, असा माझा अंदाज होता. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, नवी गादी आणली, खिडकीला जाळी लावली. माझा नवरा नागपूरचा, कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं, "यात विचारायचं काय?"

रुळत तर होते. सकाळी चहा झाला की ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभे राहायचे, ओठ हलायचे, मग म्हणायचे, "आज साडेसातला." म्हणजे गावची भरती. मला ऑफिसची घाई असायची, डबा भरता भरता मी "हं" म्हणायचे. कधी चिडायचेही. "बाबा, इथे साडेसातला फक्त माझी मेट्रो असते." मग ते टोपी घालून तलावावर जायचे. तिथे बाकावर रिटायर्ड मंडळींचा अड्डा जमायचा, कोणी पंजाबचे, कोणी बिहारचे, एक बंगाली. त्यांच्या हिंदीत बाबांची हिंदी कशी मिसळत होती देव जाणे, पण मिसळत होती. "वो क्या बोलते हैं, खाडी," असं काहीतरी ते सांगायचे आणि बाकीचे "अच्छा, अच्छा" करायचे.

मग एका संध्याकाळी मी घरी आले तर बाबा दारातच उभे.

"बाय, तुमच्या तलावाला भरती येते."

"बाबा, तळ्याला कुठली भरती?"

"धक्क्याची खालची पायरी सकाळी कोरडी असते. दुपारी बघितलं तर ओली. दोन बोटं पाणी चढलं होतं. तीन दिवस बघतोय."

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण त्या रविवारी मी बरोबर गेले आणि खरंच, पायरी ओली झाली. धक्का तलावाच्या अरुंद टोकाला आहे, आणि तिथेच एक जाडजूड पाइप पाण्यात येतो. तिथल्या गार्डने कोडं सोडवलं. "अंकल जी, ग्यारह बजे पंप चलता है ना. शाम को बाग़ीचों के लिए पानी खींच लेते हैं." आणि मग अगदी सहज पुढे म्हणाला, "सीवर का है. ट्रीट करके छोड़ते हैं."

सांडपाणी म्हटल्यावर हा माणूस उद्यापासून तलावावर येणार नाही, हे मी धरूनच चालले. घरी जाताना बाबा कोपऱ्यावर मोसंबीच्या गाडीपाशी थांबून म्हणाले, "म्हणजे मोरीचं पाणी."

"शुद्ध केलेलं असतं हो."

"खाडीत काय गुलाबपाणी येतं? सगळ्या गावाचं खाडीतच जातं. पाणी कुठून आलं ते कशाला विचारायचं?" थोडं चालून म्हणाले, "पण या भरतीला वळण नाही. खरी भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. ही रोज अकराला. तुझ्यासारखी. ऑफिसात हजेरीचा अंगठा लावायला यायचं असल्यासारखी."

मी रस्त्यातच हसायला लागले. आई गेल्यापासून त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "बघ, रुळले."

श्रावण लागला तसे ते बाजारातल्या नारळांकडे बघायला लागले. दिल्लीत तेव्हा जिकडे तिकडे राख्या. आपली नारळी पौर्णिमा, त्यांचं रक्षाबंधन, एकच दिवस. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आणला, लाल कपड्यात गुंडाळलेला. बाबांनी तो कानाशी धरून हलवला.

"हा मेलेला आहे."

"पूजेचाच आहे बाबा."

"पाणी वाजत नाही. आत सुकं खोबरं आहे. समुद्राला असा नारळ द्यायचा?"

"समुद्र आहेच कुठे?" हे माझ्या तोंडून गेलंच. त्यांना लागलं असावं, पण त्यांनी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मुद्दाम सरोजिनी नगरला गेले. कपड्यांच्या गर्दीतून वाट काढत मागच्या भाजीबाजारात जुना नारळवाला शोधला. तिथे राहत असताना त्याच्याकडूनच घ्यायचे. चांगला शेंडीवाला, वाजणारा नारळ मिळाला. मेट्रोत तो मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, ज्या पाण्याला माणूस नारळ देतो ते पाणी त्याने आपलं मानलेलं असतं. आता बाबा राहतील. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पौर्णिमेला मी सुट्टी घेतली. नारळीभात केला. बाबांनी पांढरा सदरा घातला, नारळाला हळदकुंकू लावलं, आणि अकराच्या आधी आम्ही दोघंच निघालो. बागेत राखीची गर्दी होती. भाऊबहिणी फोटो काढत होत्या, बदकांसाठी रांग होती. गार्डने नारळ बघितला आणि हात आडवा केला.

"मैडम, पानी में कुछ फेंकना मना है. फाइन लगता है."

माझा पारा चढला. मी सरकारी नोकरीत आहे, मला नियम शिकवू नका, वगैरे सुरू करणार तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला. "त्याला सांग, फेकणार नाही. ठेवणार आहे."

मी हिंदीत सांगितलं. गार्डने टोपी मागे सरकवली, बाबांकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. मग म्हणाला, "बोट का टिकट ले लीजिए. बीच तालाब में कौन क्या रखता है, यहाँ से मुझे दिखता नहीं."

तर अशी पन्नाशीची बाई आणि तिचे ऐंशीला टेकलेले वडील बदकात बसलो. दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं. बाबांचे गुडघे पायडल मारण्यातले नाहीत, म्हणून मी एकटीच मारत होते आणि बदक गोल गोल फिरत होतं. "डावीकडे धर," बाबा म्हणायचे. "धरलंय हो." "तुझी डावी नव्हे, होडीची." शेवटी होडी वळवायचा दांडा त्यांनी आपल्या हातात घेतला आणि बदक निमूट सरळ निघालं. मला घाम फुटला होता, ओढणी पायडलमध्ये जात होती आणि मी खूश होते. बाबा होडीत होते, त्यांचा हात दांड्यावर होता. आणखी काय पाहिजे होतं मला?

पाइपाचा आवाज सुरू झाला. बाबांनी घड्याळ बघितलं.

"सव्वाअकरा होतील आता. आज दोन्हीकडे एकदम भरती आहे बघ. पौर्णिमेला आणि अमावास्येलाच जुळतं हे."

त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि दोन्ही डोळ्यांना लावलं. मग त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरून पाण्यावर ठेवला, आणि तो तोल सांभाळून तरंगेपर्यंत हात काढले नाहीत. शेंडी वर, कुंकू वर. हात जोडून ते म्हणाले, "येतो."

मी पायडल थांबवलं. "येतो कोणाला म्हणालात?"

"ह्याला. इतके दिवस सांभाळलं त्याने."

"म्हणजे?"

"नारळ पडला ना? आता तिकीट काढ, बाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पौर्णिमेपर्यंत थांबा, असं मीच म्हणाले होते, आणि ते थांबले होते. मी जिला कायमच्या मुक्कामाची खूण समजत होते, ती त्यांची निघण्याची तयारी होती. मला इतका राग आला की मी तलावाच्या मध्यावर, बदकात बसून, त्यांना वाट्टेल ते बोलले. न्हाणीघरात दांडा बसवलाय, डॉक्टर चांगला आहे, तिथे पडलात तर कोण आहे, पुन्हा लाँचवाले उचलणार का, आणि धक्क्यावर तुमचं आहे तरी काय? आणि मग शेवटी जे खरं होतं ते बाहेर आलं. "मी इथे आहे बाबा. मी नाही का कोणी तुमची?"

शेजारच्या बदकातलं जोडपं आमच्याकडे बघत होतं. बाबा नारळाकडे बघत होते. पाइपाच्या पाण्याने तो हळूहळू आमच्यापासून लांब चालला होता.

"तुझ्या आईला धक्क्यावरूनच सोडलं ना आपण," ते म्हणाले. "ओहोटी होती. गेली पाण्याबरोबर. पण भरती आली की पाणी परत वर येतं. तिसऱ्या पायरीपर्यंत येतं. मी जाऊन उभा राहायचो. दिवसा जी भरती असेल तिला. त्या दिवशी ऊन फार होतं, म्हणून चक्कर आली."

मी पायडलमध्ये अडकलेली ओढणी सोडवत राहिले.

"तुला सांगितलं नाही. तुला वाटलं असतं, म्हातारा बिघडला. मला माहीत आहे गो, हाडंबिडं कधीच समुद्राला गेली असतील. पण पाणी येतं ना वर. रोज येतं. इथे कॅलेंडर बघितलं की मला कळतं, आत्ता आलं. आणि मी तिथे नाही."

इतके महिने रोज सकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला ती वेळ सांगत होते आणि मी डबा भरता भरता "हं" म्हणत होते. मला रडू आलं. चांगलं मोठ्याने रडले, जोडप्याची पर्वा न करता. बाबांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. पाणी माझ्या कपाळावरून खाली आलं आणि मी ते पुसलं नाही. रडून झाल्यावर मी पायडल मारायला लागले आणि त्यांनी दांडा धक्क्याकडे वळवला.

अर्थात मी मीच आहे, अटी घातल्याशिवाय सोडलं नाही. छत्री घ्यायची. पायऱ्या उतरायच्या नाहीत, वरूनच बघायचं. बरोबर काठी. घरी परतल्यावर चुलतभावाला तोंड दाखवायचं. ते सगळ्याला "बरं" म्हणत गेले. निजामुद्दीन स्टेशनवर गाडी हलताना मी खिडकीशी चालत होते आणि ते मला लांब ढकलल्यासारखे हात करत होते, की मागे हो, मागे हो. हात आत घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला नाकारता येणार नाही. माणूस सुटल्यासारखा दिसत होता. मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं माझं होतं, त्यांचं नव्हतं. आपल्याजवळ ठेवणं म्हणजेच सांभाळणं, असं मी धरून चालले होते.

आता सकाळी कॅलेंडरसमोर मी उभी राहते. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून निघता निघता फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. मेट्रोच्या जिन्यात उभी राहून तिसऱ्यांदा लावला. चुलतभावाचा नंबर काढला, आणि मग आठवलं, आज अष्टमी. सहाची भरती. मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि लोक मला धक्के मारत खाली जात राहिले. सातनंतर त्यांचाच फोन आला. "काय गो, इतके फोन? भरती होती ना." मी म्हटलं, "हो. चुकलंच." तेव्हापासून भरतीच्या वेळेला मी फोन करत नाही.

मागची अमावास्या रविवारी आली. साडेदहालाच मी तलावावर गेले. लेक म्हणाली, मीही येते, पण बोटीत बसू या का? मी म्हटलं, आज नको, नुसतं बसू. धक्क्याची खालची पायरी कोरडी होती. बाकावरच्या बंगाली आजोबांनी "दादा कैसे हैं?" विचारलं, मी "बढ़िया" म्हटलं. अकराला पाइप वाजायला लागला. पाणी पायरीच्या कडेला लागलं, मग पायरीवर आलं.

"आई, ही भरती ना?" लेकीने विचारलं.

"हो. इथलीही आणि तिथलीही."

सव्वाअकरा झाले. तिकडे ते छत्री घेऊन वरच्या पायरीवर उभे असतील. आई तिसऱ्या पायरीपर्यंत आली असेल. मी वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. जरासा वास येत होता, येऊ दे. फोन मी जेवणं झाल्यावर केला.